तापल्यावरचा आवाज

आवाज गेला तेव्हा तिची बोटं चालूच होती. दोन कडव्यांच्या मधला तुकडा तिचा असे, अख्ख्या कार्यक्रमात तिचा म्हणावा असा तेवढाच. त्यातली चढण ती चढत होती, आणि पाठीमागचा अॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एकदा खोकला आणि गप्प झाला. पहिल्यांदा तिला वाटलं, आपला कानच बंद झाला. मग गिटारच्या तारांची नुसती, उघडीवाघडी किणकिण ऐकू आली, खण ओढल्यावर आतले चमचे हलावेत तशी. बोटं थांबली नाहीत. त्यांना सवय होती. ती वरच्या सुरापर्यंत गेली, तिथे जरा रेंगाळली, खाली आली. ढोल्याने ठरल्या जागी झांज मारली, राजे ठरल्या पावलांनी माइकपाशी गेले, आणि समोर गोल टेबलांभोवती बसलेल्या कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेहमी वाजवतात तेवढ्याच. कमी नाहीत की जास्त नाहीत.

राजे म्हणजे त्यांचे गायक. बँड त्यांचा, गाडी त्यांची, चमकीचा निळा कोट त्यांचा, म्हणून सगळे त्यांना राजे म्हणत, आणि त्यातली थट्टा त्यांना कधी ऐकू आली नव्हती. ढोल्या ड्रम वाजवायचा आणि अंगाने वाळकी काडी होता. ती गिटार वाजवायची. राजांच्या पाठीकडे बघत बघत तिने कितीतरी वर्षं काढली होती. त्या कोटाची पाठीवरची शिवण कुठे उसवते आणि पुन्हा कुठल्या दोऱ्याने शिवली जाते हे तिला राजांच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असेल. कार्यक्रम आटोपल्यावर मागच्या खोलीत राजे तोंड पुसत म्हणाले, "आज छान झालं." 

"माझा तुकडा?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"मस्त. नेहमीसारखा."

ढोल्या झांजा पिशवीत भरत होता. त्याने मान वर केली. "का गं? काही झालं का?"

"काही नाही," ती म्हणाली.

मेलेला अॅम्प तिने टॅक्सीत स्वतःच्या शेजारी बसवला आणि त्याच्यावर हात ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानांच्या पाट्या सरकत होत्या. आपण नव्हतो, आणि टाळ्या पडल्या. हे वाक्य तिच्या डोक्यात एखाद्या सैल स्क्रूसारखं फिरत होतं, घट्टही होईना आणि निघेही ना. आजच नव्हतो, की याआधीही नव्हतो? गेल्या वर्षीच्या त्या हॉटेलातल्या कार्यक्रमात? त्याच्या आधी? तिने मागे मागे जाऊन एकेक तुकडा कानाला लावून पाहिला, आणि प्रत्येक ठिकाणी तिला फक्त राजांचा आवाज आला, ढोल्याची झांज आली, टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने अॅम्पची पाठ उघडली, वास घेतला, आणि पुन्हा बंद केली. जळाला होता. आतलं काही मिळण्यासारखं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला आठवत होतं ते त्याचं खोकणं. जाताना निदान तो बोलला होता.

लहानपणी ती ज्या घरात वाढली ते कुजबुजणारं घर होतं. दोन खोल्या. वडील बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला जात, सकाळी गार हातांनी घरी येत आणि आतल्या खोलीत दुपार कलेपर्यंत झोपत. तेवढा वेळ घर जणू मोज्यांवर चालायचं. नळ बारीक सोडायचा. भांडं फडक्यावर ठेवायचं. शिंक आली तर पदरात, नाक दाबून. आईचा एकच शब्द दिवसभर घरात फिरत असे, "हळू." भावाला हळू, तिला हळू, दारावर आलेल्या पोस्टमनला हळू. मग एक दिवस मामा ती इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला, कुठल्याशा मित्राकडून मिळालेली, लाल रंगाची, एका कोपऱ्यावर टवका उडालेली. "हिला आवाजच नाही, बघ ताई," तो आईला म्हणाला. "तारेने यंत्राला जोडल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुमच्या घराला अगदी योग्य." आई इतकी खूश झाली की तिने मामाला दोनदा चहा केला. यंत्र काही कुणी आणलं नाही. ती बाहेरच्या खोलीत भिंतीशी असलेल्या लाकडी कपाटाला टेकून बसायची, गिटारचं टोक कपाटाच्या फळीला लावायची आणि आपला जबडा गिटारच्या अंगावर ठेवायची. मग आवाज यायचा. कानातून नाही, हाडांतून. खोल, जरा काळसर, कडेला किंचित खरबरीत, आणि इतका जवळचा की तो आपल्याच डोक्यात तयार होतो आहे असं वाटावं. पुढे कॉलेजात पहिल्यांदा कुणाच्या तरी अॅम्पला गिटार जोडली तेव्हा ती दचकली होती. पत्र्यासारखं काहीतरी खोलीभर पसरलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने झटकन आवाज खाली केला. तेव्हापासून तिचं बटण खालीच होतं.

राजांचा फोन आला तो तिसऱ्या प्रहरी, ती खिडकीच्या काचा पुसत असताना. "बाई, नवा अॅम्प घ्यायच्या भानगडीत पडू नका. आता कोण अॅम्प वापरतं? गिटारची तार थेट मिक्सरला लावायची, कानात ऐकायचं बटण घालायचं, संपलं. स्टेज कसं स्वच्छ दिसतं."

"मला अॅम्प लागतो, राजे."

"का पण?"

"पाठीला त्याचा वारा लागतो," ती म्हणाली, आणि राजे मोठ्याने हसले.

"वारा हवा तर पंखा लावू. हे बघा, मोठ्या सभागृहाचा कार्यक्रम आहे, तेवढ्यापुरतं तुमच्या मनासारखं करा. पण गडबड झाली तर मला दुसरा विचार करावा लागेल. एक पोरगा आहे माझ्या नजरेत. लॅपटॉप घेऊन येतो, बाकी काही नाही." राजे रागावून बोलत नव्हते. चपलांचा जोड बदलण्याबद्दल बोलावं इतक्या सहज बोलत होते. फोन ठेवल्यावर तिने पुसलेलीच काच पुन्हा पुसली. तिला राग येत होता, आणि रागाच्या तळाशी काहीतरी वेगळं होतं, भूक लागल्यासारखं. आपल्याला आवाज हवा आहे. चांगला नाही, आपला. आणि तो मधेच सोडून जाणार नाही असा.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या करायचा. एका प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसून दिवसभर तो लोकांचं हसू घासत असे. माणूस भरवशाचा. सांगितलेलं आणायचा, सांगितल्या वेळी यायचा, आणि संगीताचं म्हणाल तर त्याला घोरण्यापलीकडे अंग नव्हतं. "मी येऊ का बरोबर?" त्याने विचारलं. "मला कळणार काही नाही. पण उचलायला होईन."

वाद्यांचं दुकान फरशीवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मधे होतं, बाहेरून अरुंद, आत लांबच लांब. दुकान चालवणारी बाई तिच्याच वयाची होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलताना हाताने हवेतली बटणं फिरवायची सवय. तिने आधी एक काळी चपटी पेटी पुढे केली. "ताई, हे घ्या आणि मोकळ्या व्हा. यात शंभर आवाज आहेत." आपली गिटार त्या पेटीला जोडून ती आवाज बदलत गेली. चकचकीत आवाज होता, रडका होता, विहिरीतून आल्यासारखा होता, आगगाडी जवळ येते तसा होता. सगळे कुणाचे तरी होते. कपड्यांच्या दुकानात तयार कोटांत एकेक हात घालून बघावा तसं झालं. तिने पेटी परत केली. मग भिंतीशी रचलेले अॅम्प एकेक ऐकत ती पुढे सरकली. एक जाडजूड होता, त्यातून नुसता रुबाब यायचा. एक लहानसा, गोड, पण ढोल्याने पहिला घाव घालताच बसला असता. एकाचा आवाज तिला राजांच्या कोटासारखा वाटला. आणि मग कोपऱ्यातला तो, सायीच्या रंगाचं कापड लावलेला, जुन्या धर्तीचा, आत छोट्या दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. खटका दाबल्यावर तो लगेच बोलला नाही. आत नारिंगी उजेड हळूहळू भरला, तापलेल्या धुळीचा वास आला, आणि तिने पहिली तार छेडली तेव्हा तिच्या जबड्याच्या हाडात काहीतरी हललं.

"वाढवा ना," दुकानवाली म्हणाली.

तिने बटणाला हात लावला आणि हात आपोआप थांबला. तिथे काहीच नव्हतं, खाच नव्हती, खूण नव्हती, तरी बोटं अडली. तिला एकदम हसू आलं. आतल्या खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. केव्हाचंच कुणी झोपलेलं नव्हतं. तिने बटण पुढे नेलं, मग आणखी पुढे, आणि एकच सूर दाबून सोडला. तो सूर तिच्या बाहीतून शिरला, तिच्या पोटावर हात ठेवल्यासारखा टेकला, शोकेसच्या काचा किंचित थरथरल्या, चष्मेवाला आपल्या दारातून डोकावून गेला. ती वाजवत राहिली. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कवळी बसल्यावर पहिल्यांदा हसणाऱ्या माणसाकडे तो पाहत असेल. 

"घे की," तो म्हणाला.

"घेऊ?"

तो घुटमळला. "मला यातलं कळत नाही. पण आम्ही कवळी देताना सांगतो, दिवसभर घालून बघा. पाच मिनिटं तर कुठलीही बसते."

मग ती बसून राहिली. अॅम्प चालूच ठेवला, मधूनमधून वाजवलं, दुकानात गिऱ्हाइकं आली आणि गेली. तापत गेला तसा तो आधी आणखी गोड झाला, इतका की तिला तो सोडून जायची कल्पना सहन होईना. मग केव्हातरी सुराच्या मागे तेल तडतडल्यासारखं सुरू झालं. मग सूर मधेच खचायला लागला, बोलता बोलता झोप लागणाऱ्या माणसासारखा. दुकानवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तसा लहरी आहे तो. कलावंत माणसाला असाच आवडतो."

"लहरी एक आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "त्याच्याच मागे उभी राहून मी वाजवते."

दुकानवाली हसली, पण मनाने चांगली होती. आतला भाग बदलून ठेवते, पुन्हा येऊन बघा, म्हणाली. ती पुन्हा गेली. भाग बदलला होता, तडतड गेली होती, आणि आवाजही गेला होता. तोच सायीचा रंग, तोच नारिंगी उजेड, आणि आत भलतंच कुणी. तिने गिटारची एकच तार छेडली आणि अॅम्पची जोडणी काढून घेतली. जो आवाज तिला आवडला होता तो त्या दुखण्याचाच होता. बाहेर पडल्यावर ती फुटपाथवरून बराच वेळ चालत राहिली, आणि चालता चालता तिने जगाची दोन भागांत वाटणी करून टाकली. ज्यांचा आवाज सुंदर, ते ऐन वेळी खचणार. जे टिकणार, ते लाकडासारखे बोलणार. राजे एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. आणि आपण? आपण टिकलो, आणि आवाज... पाय आईच्या घराकडे वळले होते.

आई अजून त्याच दोन खोल्यांत राहायची. वडिलांना जाऊन वर्षं झाली तरी ती भांडं फडक्यावरच ठेवायची. आता तिला स्वतःलाच कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिच्याशी बोलायला मोठ्याने बोलावं लागे, आणि त्या घरात मोठ्याने बोलताना लेकीला अजून चोरटं वाटे. "अॅम्प घ्यायचाय आई! नवा!" 

"घे ना मग. ओरडतेस कशाला?" आई म्हणाली. 

तिने सगळं सांगितलं. बंद पडलेला अॅम्प, टाळ्या, राजे, सायीच्या कापडाचा अॅम्प. आईला किती कळलं कोण जाणे. ती शेंगा सोलल्यासारखी बोटं हलवत बसली होती, हातात शेंगा नसताना. "माझं वाजणं बंद पडलं, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही," लेक म्हणाली आणि आपला आवाज चिरकला याची तिला लाज वाटली.

"वडिलांना कळायचं तुझ्या," आई म्हणाली.

"काय?"

"तू थांबलीस की. त्यांची खाट भिंतीच्या त्या बाजूला, आणि तू या बाजूला कपाटाला चिकटून. ऐकू जायचं त्यांना. मला कधी आलं नाही, पण ते म्हणायचे, येतंय. त्यावरच झोपायचे. तू थांबलीस की कूस बदलायचे. मला विचारायचे, पोरगी उठली का? जा म्हणावं परत." 

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जोरात वाजवलं असतंस," आई म्हणाली, इतक्या सरळपणे की त्यावर रागावताही येईना. 

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. खाट तिथेच होती, तिच्यावर आता घड्या घातलेल्या चादरी होत्या. ती चादरींशेजारी आडवी झाली आणि तिने भिंतीला कान लावला. भिंत गार होती. पलीकडे आई कुणाशी तरी, बहुधा स्वतःशीच, बोलत होती, आणि भिंतीतून शब्द येत नव्हते, नुसता तिच्या आवाजाचा गाभा येत होता, टरफल पलीकडे राहून दाणा अलीकडे यावा तसा. रात्रभर बर्फाच्या लाद्या ओढून आलेला एक माणूस इथे पडून तिची वाट बघत असे. हळू हळू म्हणणाऱ्या त्या सगळ्या घरात एकजण ऐकत होता. तिच्या छातीत एकदम काहीतरी मोकळं झालं, आणि ते रडू नव्हतं. तिला ताबडतोब दुकानात जायचं होतं.

"तू वाजव," तिने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं आणि गिटार त्याच्या गळ्यात घातली.

"मी?" 

"तार दाबू नकोस. नुसता हात फिरव वरून खाली. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." दुकानवालीला तिने विचारलं, "मागे कोठीची खोली आहे ना तुमची? दार लावून घेते." दुकानवालीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. घरात तो वादळाशी वाद घालत नसे.

कोठीत रिकामे खोके होते आणि पुठ्ठ्याचा वास होता. तिने भिंतीला पाठ लावली, मग कान लावला, आणि एकेक अॅम्प पलीकडून यायला लागला. म्हणजे, येईनासा झाला. जाडजूडाचा नुसता धप्पा आला, गादी झटकल्यासारखा. गोडाचं काहीच आलं नाही. शंभर आवाजवाल्या पेटीतून मच्छर आला. किती साधी कसोटी होती ही, आणि कशी सगळ्यांची पोटातली गोष्ट बाहेर काढत होती. तिला मजा यायला लागली. "पुढचा!" ती भिंतीतून ओरडायची, पोस्टमनला ऐकू जाईल एवढ्याने, आणि पलीकडे तार उपटण्याचे, हलवण्याचे, दुकानवालीच्या हसण्याचे आवाज यायचे. आणि मग एकदा भिंत बोलली. पुठ्ठ्यांच्या खोक्यांतून, तिच्या खांद्यातून, दातांतून एक पूर्ण सूर आत आला. खोल, काळसर, कडेला खरबरीत. नवऱ्याच्या अडाणी हाताचा, तरी पूर्ण. तिने डोळे मिटले. त्याने हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग बहुधा खाज सुटली म्हणून थांबला, आणि ती दचकून सरळ झाली. थांबलेलं कळलं होतं.

बाहेर आली तेव्हा दुकानवाली हातात टेबलफॅन घेऊन उभी होती. अॅम्प तिच्या गल्ल्याशेजारचा होता, तपकिरी, ठोकळ्यासारखा, तीनच बटणांचा, आणि त्याच्यावर इतके दिवस हा पंखा ठेवलेला होता. "हा?" दुकानवालीने विचारलं. "तुम्ही पुढचा पुढचा म्हणालात म्हणून लावला. विकायचा नाही असं नाही, पण याला कुणी विचारत नाही. दिसायला हा असा."

"दिसायला मी कोण अप्सरा आहे," ती म्हणाली. "चालू ठेवा. आज मी इथेच आहे."

तो दिवस तिला पुढेही सणासारखा आठवत राहिला. तिने त्या ठोकळ्याला सुखाने छळलं. तार आत-बाहेर केली, हलवली, वाकवली. पाठ उघडून आतले तापलेले व्हॉल्व्ह पेन्सिलीने हलकेच टकटकवले, स्पीकरला कान लावून. खुळखुळा झालेला व्हॉल्व्ह अशा वेळी घंटेसारखा वाजतो, हे नुसते टकटकले. दुकानवालीने आपणहून पाण्याची किटली त्याच लाइनवर लावली, दिवे मलूल झाले, पंखा मंदावला, आणि अॅम्पने फक्त एक श्वास घेतल्यासारखं केलं आणि सूर धरून ठेवला. नवऱ्याने त्याला उचलून दुकानाच्या पायऱ्यांवरून खाली-वर नेलं, येणाऱ्या गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, आपण कुठे वाजवता, आणि तो गंभीरपणे म्हणाला, "सध्या घरीच." दुपार चढली, लाकूड हाताला गरम लागायला लागलं, आणि ती वाट बघत होती ती तडतड आली नाही. उलट आवाज उघडत गेला. आधी जिथे काळसर होता तिथे आत उजेड दिसायला लागला. हळू छेडलं तर हळू बोलायचा, जोराने मारलं तर कडा फाटायच्या पण सूर फाटायचा नाही. सुंदर की भरवशाचा, हा प्रश्न तिने फुटपाथवर उगाच एवढा घोटला होता. चांगल्या तऱ्हेने तापलेल्या वस्तूत त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खोक्यावर बसून झोपला होता, अॅम्प पुरता चालू असताना, मान एका बाजूला टाकून. तिने हात आखडला नाही. ती वाजवत राहिली.

मोठ्या सभागृहात राजांनी तपकिरी ठोकळा पाहिला आणि भुवया चढवल्या. "बाई, हा कुठल्या भंगारातून?" ध्वनियंत्रणेचा माणूस म्हणाला, याच्यापुढे माइक लावतो, पण आवाज मी तिकडून बेताचाच सोडणार, राजेसाहेबांनी सांगितलंय. "तुम्ही सोडा हवा तेवढा," ती म्हणाली, आणि अॅम्प खुर्चीवर चढवून त्याचं तोंड तिने सभागृहाकडे केलं. ढोल्याने काठ्या बोटांत फिरवत ते सगळं पाहिलं आणि आपलं स्टूल जरा तिच्याकडे सरकवलं. पडदा उघडायच्या कितीतरी आधी तिने खटका दाबला होता. तापायला वेळ द्यायला हवा होता.

पहिली काही गाणी ती नेहमीसारखी राहिली. मग ते गाणं आलं. राजांनी कडवं संपवलं, हात पसरले, आणि ते कोटाची पाठ तिच्याकडे करून लोकांकडे बघत उभे राहिले. तिने गिटारवरचं बटण पूर्ण उघडलं. चढणीचा पहिला सूर सुटला आणि तिला तो पाठीला लागला, मग पाठीतून पुढे जाताना जाणवला, स्टेजच्या कडेवरून खाली, पहिल्या रांगेतून मागे, बाल्कनीखालच्या अंधारापर्यंत. मधे कुठलीही भिंत असो, तो पलीकडे जाणार होता. ती घाई न करता चढली. एकेका सुराला ती बोटाने ढकलायची आणि मागचा ठोकळा त्याला खांदा द्यायचा. समोरची कुजबुज थांबली. मग खुर्च्यांची करकर थांबली. वर पोचल्यावर तिने शेवटचा सूर दाबून धरला, कडा फाटू दिल्या, आणि तेवढ्यात तिला निळ्या कोटाची बाजू दिसली, मग कॉलर, मग चेहरा. राजे वळले होते. इतक्या वर्षांत स्टेजवर त्यांचा चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला. तोंड अर्धवट उघडं, एखाद्या पोराचं असावं तसं. त्यांची यायची जागा आली आणि गेली. ते आले नाहीत.

एरवी ती घाबरली असती. तिने ढोल्याकडे पाहिलं, ढोल्या दात काढून हसत होता, आणि ती पुन्हा फिरली, दुसऱ्यांदा, न ठरवलेल्या वाटेने, आणखी खालून सुरुवात करून. काय वाजवते आहे हे तिला बोटं सांगत नव्हती, ती बोटांना सांगत होती. राजे तसेच उभे होते, ऐकत. आवर्तन संपायला आलं तेव्हा तिने त्यांच्याकडे बघून मान खाली केली, आता या. आणि राजे आले. आवाजाच्या पाठीला आधार मिळावा तसे आले, आणि असे गायले की ढोल्याच्या काठीचा टवका उडाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. टाळ्यांचं तिला नंतर फारसं आठवेना. एवढंच आठवे की त्या मधेच, गाणं संपायच्या आत आल्या होत्या, आणि मागच्या बाजूला कुणीतरी उभं होतं.

सामान मागच्या दाराने काढायचं होतं. बाहेर अजून उजेड होता, गाडी आडवी लावलेली होती. ती अॅम्पच्या एका बाजूला वाकली, दुसऱ्या बाजूला ढोल्या यायचा होता, पण तिथे निळी बाही आली. राजे सामान उचलत नसत. त्यांनी खालून हात घातले, उचललं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. 

"केवढा जड आहे हो हा!"

"आहे," ती म्हणाली. 

अॅम्प अजून गरम होता. दोघं आडवे आडवे पायऱ्या उतरले. गाडीपाशी राजे दम घ्यायला थांबले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. त्यांनी कोटाचं एक बटण लावलं, पुन्हा काढलं. 

"बाई, पुढच्या कार्यक्रमात तो तुकडा जरा लांबवू या का?"

"लांबवू."

"पण मग मी यायचं कधी? मला अंदाज हवा."

तिने अॅम्प गाडीत सरकवला, ड्रमच्या पुढे, दारालगत, पहिला काढता येईल असा, आणि हात झटकले.

"तुम्ही माझ्याकडे बघत राहा," ती म्हणाली. "मी मान हलवीन, तेव्हा या."

"बरं," राजे म्हणाले.